फुआतिनोच्या रक्तातला पहारेकरी

मित्रांनो, मी फुआतिनोच्या रक्तातला एक जुना पहारेकरी आहे. शास्त्रज्ञ मला रिसेप्टर म्हणतात. एका पांढऱ्या पेशीच्या पाठीवर माझी जागा. ओळखीचा शत्रू दिसला की मी आत निरोप धाडतो. पुढची मारामारी सुरू होते.

फुआतिनो पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवरची, बारा वर्षांची. तिच्या छातीच्या हाडामागच्या ग्रंथीत माझी परीक्षा झाली. घरच्यांवर, म्हणजे तिच्याच शरीरावर धावून जाणाऱ्यांना तिथे मारून टाकतात. माझे असंख्य भाऊ तिथेच मेले. मी वाचलो.

पुढे एकदा तिचा घसा सुजला. त्या जंतूंचा तुकडा मी ओळखला, निरोप धाडला आणि आम्ही जिंकलो. पण तिच्या हृदयाच्या झडपेतही जवळजवळ तसाच तुकडा आहे. मला दोन्ही सारखेच. झडपेवर ओरखडे उठले.

तेव्हापासून नर्स लागी दर महिन्याला तिला पेनिसिलिन टोचायची. ती सुई मला काहीच करत नाही. ती जंतूंना घशात रुजू देत नाही, म्हणून मी झोपून राहतो.

मुलांचा रविवार, म्हणजे चर्चमधला मुलांच्या नाचगाण्यांचा सण, जवळ आला. फुआतिनोला चर्चमध्ये पहिल्या रांगेत नाचायचे होते.

"आई, सुई घेतली की लंगडते मी. नंतर घेऊ ना."

तिची आई सिएनी पांढरा झगा शिवत होती. "खरंय. लंगडलीस तर तुझी आत्या म्हणेल, बदक नाचतंय."

लागी दारातच उभी होती. "बदक परवडलं, सिएनी. घसा धरला तर काय करशील?"

"गरम कोको पाजीन. ताई, पोर बघ की कशी धडधाकट आहे. नाच झाला की मीच घेऊन येते."

नाच सुरेख झाला. घसा आदल्या दिवशीच धरला होता, तिने कोणाला सांगितले नाही. मी जागा झालो. जुन्या पहारेकऱ्याला ओळख पटायला वेळ लागत नाही. काही आठवड्यांत तिचे गुडघे सुजले, मग झडप गळू लागली.

आता ती बसूनच झोपते. आडवी झाली की गुदमरते. काल लागी सुई घेऊन आली.

"टोच ताई," सिएनी म्हणाली. "आता कुठे नाचायचंय तिला."

 फुआतिनो बसल्या जागीच एका कुशीवर कलली.

माझा निरोप मधेच तोडणारे औषध माणसे शोधत आहेत. ते अजून तिच्यापर्यंत पोचलेले नाही. म्हणून सांगतो, मित्रांनो, दुखरा घसा लपवू नका, ठरलेली सुई चुकवू नका. मला उठवूच नका. हे हृदय थांबले की मीही संपेन. तरीही तो तुकडा पुन्हा समोर आला, तर मी निरोप धाडणारच.