सुपडूभाऊच्या रक्तातल्या पुड्या

सुपडूभाऊला कॅन्सरचा राग नव्हता. राग होता तो कॅन्सरनं त्याच्याच धंद्यात उतरण्याचा.

पिंप्राळ्यात पुडी सोडावी तर सुपडूनंच. भोंगा बांधलेल्या रिक्षातून साड्यांच्या सेलची जाहिरात करता करता त्यानं एकदा 'उद्या नळाला गरम पाणी येणार' असं ठोकून दिलं, तर अर्धी कॉलनी पहाटे टॉवेल घेऊन नळापाशी हजर. असा हा माणूस. आणि आता दवाखान्यात डॉक्टर संघमित्रा त्याला त्याचीच विद्या शिकवत होत्या.

"काका, मागच्या वर्षी स्वादुपिंडातली गाठ काढली ना, तिच्या काही पेशी कुठंतरी दडून बसल्या असाव्यात. पेशी एकमेकींना बारीक बारीक पुड्या पाठवतात. एक्सोसोम म्हणतात त्यांना. चांगल्या पेशीही पाठवतात. पण कॅन्सरच्या पुड्यांत निरोप वेगळा असतो. त्या लिव्हरला जाऊन सांगतात, आम्ही येतोय, जागा करून ठेवा."

"आणि लिव्हर ऐकतं?"

"ऐकतं."

"येडंच शे म्हणा! आपल्या कॉलनीवालं दिसतं."

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. "रक्तातल्या या पुड्या मोजायच्या तपासणीवर अजून अभ्यास चालू आहे. नुसत्या तिच्यावर विसंबून औषध देत नाही. पण पुड्या वाढल्या, तर स्कॅन लवकर करून घेतो. पुढं याच पुड्यांत औषध भरून गाठीकडे पाठवता येईल का, तेही लोक तपासतायत."

"म्हणजे चोराच्याच पिशवीत बॉम्ब! मॅडम, तुमचं डोकं वाया चाललं इथं. माझ्या रिक्षावर या."

"काका, ऐका. तुमच्या पुड्या वाढल्यात."

नेमकी तेव्हाच त्याची बायको उषाबाई काउंटरवरून गोळ्या घेऊन दारात आली. तिच्या कानात एवढंच शिरलं. आणि ऑपरेशनआधी तर नवऱ्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून गुटखा सोडला होता.

"ओ पुनमना बाप! कोठे शेतस त्या पुड्या? काढा बठ्ठ्या बाहेर!" म्हणत तिनं त्याचे खिसे उलटे केले. निघाला एक कंगवा आणि लग्नाच्या हॉलवाल्याचं कार्ड.

मॅडमनी तोंड उघडलं. सुपडूच्या डोक्यात मात्र चक्र फिरलं. पुनमचं लग्न तोंडावर. खरं कळलं तर उषा लग्न पुढं ढकलणार, रडणार, देवळं पालथी घालणार.

"खाल्ल्या," तो मान खाली घालून म्हणाला. "मोह झाला."

पाठीत धपाटा बसला. उषाबाई फणफणत बाहेर गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "खरं कधी सांगणार?"

"लग्न उरकलं की."

"स्कॅन या सोमवारी आहे. घरचं माणूस सोबत असल्याशिवाय मी घेणार नाही. लग्नापर्यंत थांबलात, तर लिव्हर थांबणार नाही."

सोमवार आला, आणि त्याच्याआधी धुळ्याहून आला मेव्हणा जीवराम. पुनम लग्नाच्या खरेदीसाठी त्याच्याकडेच राहिली होती. हा स्वतः बिडी सोडलेला, त्यामुळं सगळ्या जगाला सोडवायला निघालेला.

"दाजी, चला. व्यसनमुक्तीचं शिबिर शे आज. नाव टाकलंय तुमचं."

"जीवराम, आज माझं स्कॅन आहे. रक्तात कॅन्सरच्या पुड्या निघाल्यात."

मेव्हणा इतका हसला, की चहा नाकातून आला. उषाबाईनं कपाळावर हात मारला. "रक्तात पुड्या! आता खोटं बोलायलाबी लाज नही!"

सुपडूनं मॅडमची शपथ घेतली, खंडेरावाची घेतली. शेवटी म्हणाला, "बरं बाबा. चला शिबिरात. रिक्षा मीच काढतो."

दोघं ऐटीत मागे बसली. शिबिराचं वळण आलं, गेलं. जीवराम ओरडला, "दाजी, उजवीकडं!" सुपडूनं भोंग्यावर भजन लावलं, आवाज पार वाढवला आणि रिक्षा थेट दवाखान्याच्या पायरीला टेकवली.

मॅडमनी उषाबाईला समोर बसवलं. त्याच पुड्या, तेच लिव्हर, तेच सगळं, पण सावकाश सांगितलं. जीवरामचा चेहरा उतरत गेला. मग उषाबाई नवऱ्याकडं वळून एवढंच म्हणाली, "मी तुम्हाले मारलं ना त्या दिवशी."

"लई जोरात."

"मंग सांगाले काय झालं होतं तोंडाले?"

 

स्कॅनमध्ये लिव्हरवर एक डाग दिसला. लहान. मॅडम म्हणाल्या, सुई घालून तुकडा तपासू. कॅन्सरच निघाला तर लगेच औषध सुरू करू, लवकर सापडलंय त्याचा जेवढा फायदा घेता येईल तेवढा घेऊ. बरं होईल असं काही त्या म्हणाल्या नाहीत. सुपडूनंही विचारलं नाही.

बाहेरच्या बाकावर तो दबकत म्हणाला, "लग्न ढकलू नको."

"कोण ढकलतंय? केमो मंगळवारी आली तर हळद बुधवारी. पण दपाडायचं, लपवायचं काही नही. पोरीला तुम्हीच सांगा, आत्ता."

पुनमनं फोन उचलला. "काय पप्पा, आज कुणाला टोपी घातली?"

त्यानं सांगितलं. जमेल तितकं सरळ. पलीकडं पोरगी खळखळून हसली. "पप्पा, लग्नघरात असलं बोलतात का?"

सुपडूनं फोन उषाच्या हातात दिला आणि भिंतीकडं बघत बसला.

"बेटा," उषाबाई म्हणाली, "खरं शे."