मा-झोंडीचा डावा हात

मित्रांनो, मला आता पटकन दम लागतो, म्हणून थांबत थांबत सांगते. मी एक जुनी कॉन्सर्टिना आहे. दोन्ही टोकांना सहा कोनांच्या लाकडी पेट्या, त्यांवर बटणे, हात अडकवायला चामड्याचे पट्टे आणि मध्ये घड्यांचा भाता, एवढेच माझे शरीर. भाता ओढला की एक सूर, दाबला की दुसरा.

माझा जन्म इटलीतल्या एका कारखान्यात झाला, पण मला बोलायला शिकवले झुलू माणसांनी. डर्बनच्या बंदरावर पोती वाहणाऱ्या फालाखे मचुनूने मला विकत घेतले आणि पुढच्याच रविवारी एका म्हाताऱ्या कारागिराच्या पुढ्यात ठेवले. म्हाताऱ्याने माझे स्क्रू काढले, आतल्या सूर देणाऱ्या पितळी जिभा उपटल्या, काहींच्या जागा बदलल्या, काही कानशीने घासल्या. मला फार राग आला. मी नवी कोरी होते हो! मग त्याने मला पुन्हा जोडले, एकदा ओढले आणि तो हसला.

"घे. आता ही आपल्यासारखं बोलेल."

ते माझे सोन्याचे दिवस होते. फालाखे मला बसून कधी वाजवायचा नाही, चालता चालता वाजवायचा. वर्षाच्या शेवटी सुट्टी मिळाली की आपल्या गावी, मसिंगाच्या डोंगराखाली तो बसमधून उतरायचा आणि मला वाजवत चढण चढायचा. मध्येच सूर चालू ठेवून मोठ्याने आपलीच स्तुती करायचा, "मी फालाखे! मचुनूंच्या गोठ्यातला तांबडा बैल! पोती मला घाबरतात!" वरून बायका ओरडायच्या, "ये बैला, लवकर ये, मक्याची बिअर संपत आली!" त्याची एक चाल तर साऱ्या खोऱ्यात प्रसिद्ध होती. त्याची लेक खोंझापी ती ऐकत धावत खाली यायची. तिला त्याने शब्द दिला होता, "तू सासरी निघशील ना, तेव्हा मी वाजवत तुझ्या मागे येईन."

एके वर्षी बंदरावर दोर तुटला आणि पोत्यांची थप्पी फालाखेच्या डाव्या हातावर आली. तीन बोटे गेली. त्या वर्षी तो घरी आल्याचे कुत्रा भुंकेपर्यंत कुणाला कळलेसुद्धा नाही. मला त्याने गोणपाटात गुंडाळून मक्याच्या कोठीत टाकले. अंगावर भुसा पडत राहिला. किती महिने गेले, मला सांगता येणार नाही.

मग खोंझापीचे लग्न ठरले. फालाखे म्हणाला, "शेजाऱ्यांचा रेडिओ आणा. गाणं म्हणजे गाणं." खोंझापी एवढेच म्हणाली, "बरं, बाबा." तिच्या त्या 'बरं'ने तिच्या आईला फार लागले असावे.

आई म्हणजे मा-झोंडी, झोंडींची लेक. दुसऱ्या दिवशी मका काढायला आली आणि तिने मला बाहेर काढले. माझे उजवे टोक गुडघ्यांत दाबले, डावा हात पट्ट्यात घातला. तिची बोटे भीतभीत बटणांवर फिरली आणि मी चकित झाले. तीच प्रसिद्ध चाल! अर्धीच, पण तीच.

"आत कोण आहे?" बाहेरून फालाखेचा आवाज आला.

"उंदीर."

"उंदराला चाल येते?"

"ही चाल उंदराचीच आहे, अहो. मी मुलगी होते तेव्हा भोपळा बांधलेल्या तारेच्या धनुष्यावर नदीकाठी हीच वाजवायचे. तुम्ही झाडाआड उभं राहून ऐकायचात. लग्न झालं, मी धनुष्य ठेवून दिलं, आणि तुम्ही चाल घेऊन डर्बनला गेलात."

फालाखे दारात उभा राहिला. मग आत येऊन तो तिच्या उजव्या बाजूला बसला आणि माझ्या दुसऱ्या पट्ट्यात त्याने आपला चांगला हात घातला.

मित्रांनो, माझी काय ओढाताण झाली म्हणून सांगू! एक ओढी, तर दुसरा दाबी.

"मा-झोंडी, वाजवतेस की भांडतेस?"

"तुमच्याबरोबर दोन्ही एकच."

मा-झोंडीच्या सासूबाईंना कळले तेव्हा त्यांनी काठी आपटली. "सुनेनं बाजा हातात घ्यायचा? आणि तोही नवऱ्याला चिकटून? पाहुणे हसतील!"

"हसू देत, आई," फालाखे म्हणाला. "रेडिओला कुणी हसत नाही, पण तो माझ्या पोरीला ओळखतही नाही."

लग्नाच्या दिवशी सूर्य नुकताच वर आला होता. रिवाजाप्रमाणे फालाखेने लेकीला गुरांच्या गोठ्यातून फाटकाबाहेर आणले. निघालेल्या मुलीने मागे वळून पाहायचे नसते. खोंझापी खाली मान घालून चालू लागली. तेवढ्यात मागे आम्ही सुरू झालो. नवराबायको खांद्याला खांदा लावून, मी दोघांच्या मध्ये. पाहुणे हसलेच. एकजण ओरडला, "अरे, बैलाला जोडी मिळाली!"

खोंझापी थबकली. वडिलांच्या हाताचे तिला ठाऊक होते. मग ही डावी बाजू कोण वाजवतेय? क्षणभर वाटले, ती वळणार. तिचे खांदे हलू लागले. पण ती वळली नाही.

"आई?" तिने समोर बघतच विचारले.

"चाल, बाळा," मा-झोंडी म्हणाली. "चुकतंय माझं, पण तू चाल."

आणि सगळ्यांच्या आधी, काठी बगलेत मारून, सासूबाईंनीच तोंडाने आनंदाचा लांब ललकारा दिला.

त्यानंतर किती लग्ने आम्ही वाजवली! आज ते दोघेही नाहीत. मी खोंझापीच्या घरी काचेच्या कपाटात आहे. ती मला फार जीव लावते. रोज काच पुसते, कपाटाला कुलूप घालते, नातवंडांना सांगते, "हात लावू नका, पणजोबा-पणजीची आठवण आहे." तिला वाटते, हीच माझी काळजी.

मित्रांनो, तुमच्या घरीही असे एखादे जुने वाद्य असेल, तर त्याला बाहेर काढा. नीट धरा, ओलीपासून जपा, पण वाजवा. सूर चिरका आला तरी येऊ द्या. माझ्या भात्याच्या पाच घड्या आता फाटल्या आहेत. त्यांतली एकही वाजवल्याने फाटलेली नाही.