वहिनींच्या नावाचा साप

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, तेव्हा लोक खिडक्यांच्या कठड्यांवर चढून बसले. व्यासपीठावर एकवीस कुंड्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं, आणि मधोमध कुंडीमहाराज. दाढी वीतभर, आवाज कोसभर.

"डॉक्टर काय करतो? कापतो! माझा नीलबाळ काय करतो? पितो! तुमचा आजार थेंब थेंब पितो. आज निळा आहे ना? बघून घ्या, नंतर म्हणाल महाराजांनी बदलला. आठ-दहा दिवसांत काळा पडेल. कशानं?"

"आजारानं!" हॉल गरजला.

"आणि एकटा येतो, पण एकटा राहत नाही. नवरा नाही, लग्न नाही, तरी महिन्या-दोन महिन्यांत घरात पोरंबाळं! आहे का कुणाची छाती असं करायची?"

लोक हसले. महाराजांनी एका कुंडीचं फडकं सोडलं, मातीत दोन बोटं घातली आणि तळहात पुढे केला. त्यावर बुटाच्या लेसीएवढा एक जीव वळवळत होता. निळसर, चकचकीत, डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं तेही कळू नये असा. पुढच्या रांगेतल्या बायका माना उंचावून पुढे वाकल्या.

"हे मी म्हणत नाही हं," महाराज एकदम मऊ झाले. "मी अडाणी माणूस. हे विज्ञान म्हणतंय." आणि त्यांनी मागच्या भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर काचेच्या चौकटीत एक छापील पान होतं. खाली मोठ्या अक्षरांत कुणीतरी मराठी करून लिहिलं होतं: जगात इतरत्र कुठेही न आढळलेला साप.

ते पान जिने लिहिलं होतं, ती पहिल्याच रांगेत बसली होती. हातात महाराजांनी दिलेला फुलांचा गुच्छ, तोंडावर कसनुसं हसू. आपण फक्त सापाचं नाव ठेवलं, लोक त्याचं काय करतात तो त्यांचा प्रश्न, असं ती गेला अर्धा तास स्वतःला सांगत होती. शेजारी तिची मोठी जाऊ, घरादाराच्या वहिनी, ताठ बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर फडकं बांधलेली एक कुंडी होती.

"बघ," वहिनी तिच्या कानाशी लागल्या, "माझ्या नावाचा साप माझ्याच मांडीवर."

कारण सापाचं नाव तिने वहिनींवरूनच ठेवलं होतं.

ती संग्रहालयात कामाला होती. मागच्या अंगणाकडच्या खोलीत छतापर्यंत कपाटं, कपाटांत बाटल्या, बाटल्यांत स्पिरिटमध्ये ठेवलेले साप. नागाच्या नि अजगराच्या बाटल्यांवर सगळे साहेब लोक तुटून पडत. तिच्या वाट्याला आले वाळे. गांडुळासारखे दिसणारे, मातीत राहणारे, मुंग्यांची अंडी खाणारे, डोळ्यांच्या जागी नुसते दोन ठिपके असलेले साप. शेकडो बाटल्या, अर्ध्यांवर चुकीची चिठ्ठी, अर्ध्यांवर चिठ्ठीच नाही. वाळ्यांच्या जाती ओळखायच्या तर खवल्यांच्या ओळी मोजाव्या लागतात. भिंगाखाली, सुईच्या टोकाने, अंगाभोवती एक फेरा. तोही एकदा नाही. मानेमागे, मध्यावर आणि शेपटीच्या आधी, असा तीनदा. नोंदवहीत त्यासाठी तीन रकाने आखलेले असत.

लेक सहा महिन्यांची असताना ती पुन्हा कामावर जायला लागली, ती वहिनींच्या जिवावर. वहिनींना मूलबाळ नव्हतं. लेकीने पहिला शब्द 'आई' नाही, 'मोठ्याई' काढला, तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडल्या आणि ती संग्रहालयात जाऊन.

दोन वर्षांपूर्वीच्या एका दुपारी महाराजांचा एक शिष्य बाटली घेऊन आला. आत निळा वाळा. असा रंग तिने कधी पाहिला नव्हता. भिंगाखाली मानेमागे मोजलं. नेहमीच्या कुंडीतल्या वाळ्याला वीस ओळी असतात. इथे भरल्या बावीस. म्हणजे नवी जात! तेवढ्यात फोन आला, लेक तापाने फणफणली होती. तिने पहिल्या रकान्यात बावीस लिहिलं. मग दुसऱ्यात बावीस. मग तिसऱ्यात बावीस. उद्या मोजू म्हणाली. तो उद्या काही उजाडला नाही. लेख छापून आला, विभागाच्या सरांनी पाठ थोपटली, वहिनींनी आपलं नाव परक्या लिपीत छापलेलं पाहून तो कागद देवाजवळ ठेवला. आणि महाराजांनी तो भिंतीवर ठेवला.

हॉलमधून परतताना रिक्षात वहिनी म्हणाल्या, "अगं, मी ऑपरेशनची तारीख रद्द केली हं."

वहिनींच्या गर्भपिशवीत गाठ होती. गेलं वर्षभर इतका रक्तस्राव, की जिना चढताना त्या तीनदा टेकत. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, अंगात रक्त उरलेलं नाही, आता पुढे ढकलू नका.

"वहिनी, असं कसं? कुणाला विचारून?"

"डॉक्टरीण म्हणते पिशवीच काढावी लागेल. पिशवी गेली की संपलंच ना सगळं? एकोणचाळीस म्हणजे काही म्हातारी नाही मी. महाराज म्हणाले, साप काळा पडला की गाठ गेली."

"साप गाठ पितो म्हणे! आणि तुम्ही खरं धरून चाललात?"

"का धरू नको?" वहिनींनी कुंडी पोटाशी घेतली. "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर हसले असते मी. पण तू लिहिलंयस ना! जगात दुसरीकडे असा साप नाही म्हणून तूच लिहिलंस. तू कधी खोटं लिहिशील का?"

तिने रिक्षावाल्याला उगाचच डावीकडे वळायला सांगितलं. तो प्रश्न तिला पुढे कितीतरी दिवस डसत राहिला. वाळ्याला दात नावालाच असतात, प्रश्नाला मात्र खरे असतात.

कुंडी गॅलरीत उन्हाच्या आड ठेवली गेली. सातव्या दिवशी सकाळी लेक ओरडत आली, "आई, आई! मोठ्याईच्या सापाने चड्डी काढली!"

"काहीतरी काय बोलतेस!"

"खरंच! ये ना बघायला!"

फडकं अर्धवट सुटलेलं. ओल्या मातीवर कांद्याच्या पापुद्र्यासारख्या दोन-तीन पांढुरक्या कड्या पडल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारून एक चकचकीत, काळपट तपकिरी वाळा मातीत शिरत होता. निळा रंग गायब. मागून वहिनींनी हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"पडला काळा! प्याला गं, प्याला!"

कात. एवढी साधी गोष्ट. कात टाकायच्या आधी जुनी कातडी सुटते आणि अंग निळसर, धुरकट दिसतं; कात पडली की मूळचा रंग. पुस्तकात होतं ते. तिनेच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवलं होतं. मग तो बाटलीतला निळा साप?

कुंडी उचलून बाजूला ठेवताना बोटांना बुडाशी काहीतरी खरखरीत लागलं. रोपवाटिकेचा शिक्का कानशीने खरवडला होता. एक कोपरा राहून गेला होता, त्यात 'रोप' एवढं वाचता येत होतं. तिने घाईने चप्पल घातली.

संग्रहालयात तिने कपाट उघडलं, वहिनींच्या नावाची चिठ्ठी बांधलेली बाटली काढली, साप ताटलीत घेतला. मानेमागे सुई फिरवली. या वेळी सावकाश. तिथे अंगाच्या दोन्ही बाजूंना सुटलेल्या कातेची एकेक घडी पडली होती. त्या वेळी तिने ती ओळ म्हणून मोजली होती. घड्या सोडून मोजलं: वीस. मध्यावर: वीस. शेपटीच्या आधी: वीस. मग तिने जुनी नोंदवही उघडली. तीन रकान्यांतले तीन बावीस एकाच झटक्यात लिहिलेले, तिन्हींच्या शेपट्या सारख्या वळलेल्या. कुणाही शाळकरी मुलाला कळलं असतं की हे मोजलेलं नाही, उतरवलेलं आहे.

सर शेजारच्या टेबलावर चहा पीत होते. निवृत्तीला दोन महिने उरलेले.

"सर, माझा साप नवा नाही. कुंडीतला साधा वाळा आहे. मी एकदाच मोजलं होतं."

सरांनी कप खाली ठेवला. भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग चष्मा पुसत राहिले.

"नोंदीखाली सही माझी आहे, बाई. मी तर एकदाही मोजलं नव्हतं. आपण दोघं एकाच माळेचे मणी." कप पुन्हा उचलून म्हणाले, "दुरुस्तीचं टिपण पाठवून द्या. छापून यायला सहा महिने लागतील."

"सहा महिने वहिनींकडे नाहीत, सर."

पुढच्या सभेला ती आपणहून गेली. सोबत पिशवीत संग्रहालयाच्या अंगणातली जास्वंदीची एक साधी कुंडी. वहिनी आपली कुंडी मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत होत्या. महाराजांनी तिला पाहून हात पसरले.

"या या, शास्त्रज्ञ ताई! सांगा यांना, आपला नीलबाळ कसा जगावेगळा आहे ते!"

तिने माइक घेतला. "जगावेगळा नाही," ती म्हणाली. "तुमच्या घरी गॅलरीत कुंडी असेल तर बहुतेक त्यातही असेल. कुंड्यांच्या मातीतूनच हा साप देशोदेशी पोचलाय." तिने आपली कुंडी कागदावर पालथी केली, ढेकळं फोडली. तीन वाळे निघाले. दोन काळपट, एक निळसर. "हा निळा कात टाकणार आहे. चार-सहा दिवसांत तोही काळा होईल. आमच्या अंगणातल्या जास्वंदीला काही गाठ नव्हती झालेली. आणि पोरं म्हणाल तर या जातीत नर सापडतच नाही. माद्या एकट्याच अंडी घालतात. आधीच मातीत अंडी असली तर एकाचे चार व्हायला महाराजही लागत नाहीत."

महाराज हसले. "ताईंची बुद्धी फार चालते. आणि बुद्धी चालायला लागली की श्रद्धा लंगडते. पण ताई, भिंतीवरचं पान कुणाचं?"

हॉलमधून एक जाड आवाज आला, "हो ना! तेव्हा खोटं लिहिलंत, की आता खोटं बोलताय?"

पळायला वाट होती. व्याख्या बदलली, पुढचं संशोधन झालं, विज्ञान पुढे जातं, असं काहीही म्हणता आलं असतं. पहिल्या रांगेतून वहिनी तिच्याकडे टक लावून पाहत होत्या.

"तेव्हा," ती म्हणाली. "तेव्हा खोटं लिहिलं. तीनदा मोजायचं होतं, मी एकदा मोजलं, तेही चुकीचं, आणि तीन ठिकाणी लिहिलं. मला नवा साप हवा होता. हवा होता म्हणून दिसला. तुम्हाला आजार जायला हवाय, म्हणून तुम्हाला तो जाताना दिसतोय. तुमची चूक माझ्यापेक्षा लहान आहे. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, मी कशावर ठेवला होता?"

तिने वहिनींच्या कुंडीचं बूड वर करून दाखवलं. "हा रोपवाटिकेचा शिक्का कानशीने का घासलाय, महाराज?"

महाराजांना उत्तर सुचायच्या आत खिडकीतल्या कठड्यावरून एक आजीबाई ओरडल्या, "अगोबाई, हे तर ते रोपंवाले! दाढीमुळे ओळखले नाहीत. मेला यांच्याकडचा माझा गुलाब!"

हशा उसळला. कुंडीमहाराजांना एकाएकी समाधी लागली, आणि समाधीतच ते मागच्या दाराने निघून गेले.

पण गोष्टींमध्ये होतं तसं सगळं झालं नाही. निम्म्या लोकांनी कुंड्या तिथेच ठेवल्या, निम्म्यांनी उचलून नेल्या. एका बाईने जाताना तिला सुनावलं, "एकदा फसवलंत ते फसवलंत, निदान आशा तरी ठेवायची होती." वहिनी तर उठल्या आणि एकट्या रिक्षा करून गेल्या.

चार दिवस घरात ताटं वाजली, शब्द नाही. पाचव्या दिवशी वहिनींनी तिच्यापुढे डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी टाकली. "सोमवारी सकाळी. सुट्टी काढ. आणि तिथे रडायचं नाही, मला आवडत नाही."

ऑपरेशन झालं. पिशवी गेली, वहिनी राहिल्या. तिसऱ्या दिवशी वॉर्डमध्ये लेक त्यांच्या पायांशी बसून केळं खात होती, तेव्हा वहिनींनी विचारलं, "म्हणजे आता माझं नाव खोडलंत?"

"नाही, वहिनी. शास्त्रात दिलेलं नाव कधी खोडत नाहीत. चुकीचं ठरलं की बरोबर नावाच्या खाली लिहून ठेवतात, कुणी दिलं, कुठल्या वर्षी दिलं, सगळं. पुढच्या माणसाने तीच चूक करू नये म्हणून." तिने मान खाली घातली. "तुमचं नाव तिथे कायमचं राहील. माझ्या चुकीच्या शेजारी."

वहिनींनी उशीवरची मान तिच्याकडे वळवली.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "देवाजवळचा तो कागद मी काढणार नाही. तू त्याच्यावर पेनाने लिही, वीस. तीनदा लिही. आणि मोजून लिही."

वाचणाऱ्याला सांगायचं ते एवढंच. चमत्कार करणाऱ्याकडे दाढी असते, म्हणून त्याला ओळखणं सोपं. पण काचेच्या चौकटीतल्या छापील पानालाही विचारायला हवं: किती वेळा मोजलंस? आणि ज्याने ते पान लिहिलं, त्याने तर स्वतःला सगळ्यात आधी विचारायला हवं. कारण कुठल्यातरी घरी कुणीतरी ते पान देवाजवळ ठेवलेलं असतं.