डाव्या बाजूचा सेन्सर

सासूबाईंची गाडी चालवायची परीक्षा दुपारी चारला होती, आणि सकाळी नऊला त्यांच्या गाडीत चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. आता बोला!

परीक्षक महाकडक. दिवा पेटलेली गाडी तो फाटकातूनच परत पाठवायचा. दुसरी गाडी न्यावी, तर सासूबाईंचा हात बसलेला फक्त या एका गाडीवर. वय त्रेसष्ट, तीनदा नापास, आणि लेखी परीक्षा पास झाल्याची मुदत आजच संपत होती. "आज जमलं तर जमलं, नाही तर मी पुन्हा नाव काढणार नाही," असं त्यांनी जाहीर केलं होतं, आणि त्या बोलल्या की बोलल्या. तीस वर्षं नवऱ्याच्या गॅरेजात त्यांनी पाने हातात दिले, पण स्वतःला कुठे जायचं म्हटलं की कोणाची तरी मनधरणी करावी लागायची. आधी नवऱ्याची, आणि तो गेल्यावर लेकीची नाही तर सुनेची.

गॅरेज आता या दोघीच चालवायच्या, नणंद आणि भावजय. मुलगा शाळेत गणित शिकवायचा, त्याला टायरमध्ये हवा भरतानाही धाप लागायची. त्याच्याशी लग्न करून आलेली सून मात्र वर्षभरात इंजिनात कोपरापर्यंत हात घालायला लागली. नणंदेचा भरवसा कानावर आणि बोटांवर, सुनेचा स्कॅनरवर. एरवी भांडण झालं तरी जेवणाच्या सुट्टीपर्यंत मिटायचं.

सुनेनं गाडीला स्कॅनर जोडला, पडद्यावर बिघाडाचा कोड आला. "डाव्या बाजूचा ऑक्सिजन सेन्सर," ती म्हणाली. या इंजिनाला डावीकडे तीन आणि उजवीकडे तीन सिलिंडर, आणि दोन्हीकडच्या धुराच्या नळ्यांत एकेक सेन्सर. जळलेल्या पेट्रोलच्या धुरात ऑक्सिजन किती उरला ते हा सेन्सर कॉम्प्युटरला सांगतो, आणि त्यावर कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. सेन्सर बिघडला की गाडी उगाच पेट्रोल पिते आणि दिवा लागतो.

"मी जाऊन नवा घेऊन येते," सून म्हणाली.

"अगं थांब. कोड आला म्हणजे सेन्सरच खराब, असं कुणी सांगितलं? वायर तुटली तरी हाच कोड येतो," नणंद म्हणाली. "दुकान शहराच्या त्या टोकाला. जाऊन-येऊन दीड तास, आणि तो बसवूनही दिवा गेला नाही तर? आमच्या बाबांना असली यंत्रं लागायची नाहीत."

"म्हणूनच त्यांच्या गाड्या आठवड्यात परत यायच्या, ताई."

शब्द तोंडातून गेला आणि सुनेला तिथल्या तिथे जीभ चावावीशी वाटली. पण माघार घेईल तर ती कसली! नणंदेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिनं पाना बाकावर आपटला आणि दोघींचा अबोला सुरू झाला.

सून ऑफिसात जाऊन परीक्षेच्या कचेरीत फोन लावत बसली. तारीख पुढे मिळते का? नाही मिळत. बाई, मुदत आज संपते, कितीदा सांगू? असं चार वेळा ऐकून ती बाहेर आली, तर नणंद एका गिऱ्हाइकाची गाडी पोचवायला गेलेली. सासूबाई खुर्चीत बसून रस्त्यावरच्या खुणांचं पुस्तक घोकत होत्या. तशी ती गाडीपाशी गेली. मनातल्या मनात तिला नणंदेचं पटलं होतं. खात्री करायची रीत सगळ्या मेकॅनिकना ठाऊक असते: डावीकडचा सेन्सर उजवीकडे लावायचा, उजवीकडचा डावीकडे. कोड बाजू बदलून उजवीकडे गेला, तर सेन्सर खराब. डावीकडेच राहिला, तर वायरिंग. तिनं अदलाबदल केली, कोड पुसला आणि गाडी फिरवून आणली.

दिवा पुन्हा लागला. कोड डावीकडचाच.

म्हणजे वायरिंग! नणंद परत आली, तिनं स्कॅनरवर नजर टाकली आणि तिचंही तोंड पडलं. न बोलता दोघी वायरिंगवर तुटून पडल्या. एकीनं वरून टेप सोलली, दुसरी खालून घुसली. प्रत्येक वायर मीटरनं मोजली. एकूण एक वायर धडधाकट! घड्याळात दीड वाजला. सुनेचा जीव टांगणीला लागला. कॉम्प्युटरच गेला असेल, तर आज काही होणं नाही.

ती हात पुसत सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिली. "आई, माझ्यानं नाही होत. तुमची परीक्षा मी बुडवली," असं म्हणाली आणि चक्क रडायला लागली. काळ्या हातांनी डोळे पुसल्यामुळे सगळं तोंड काळं झालं.

सासूबाईंनी पुस्तक मिटलं.

"तू नाही बुडवलीस," त्या म्हणाल्या. "मीच बुडवायला निघाले होते. सकाळी तू फोनवर होतीस तेव्हा तुझ्या नणंदेनं दोन्ही सेन्सरची अदलाबदल केली. मग गाडी फिरवून न बघताच ती गिऱ्हाइकाकडे गेली, आणि तू येऊन तेच केलंस. म्हणजे डावीकडचा सेन्सर पुन्हा जिथला तिथं आला की नाही?"

गाडीखालून नणंद सरपटत बाहेर आली. "आई! तुला दिसत होतं?"

"तीस वर्षं काय मी इथे माश्या मारल्या?"

"मग बोलली का नाहीस गं?"

"भीती वाटली," सासूबाई म्हणाल्या. "चौथ्यांदा नापास झाले तर मला तोंड दाखवायला जागा नाही. म्हटलं, गाडीनंच नाही म्हटलं तर सुटले मी. पण ही अशी रडायला लागली, मग मला राहवेना."

सुनेनं नणंदेकडे पाहिलं. "ताई, तुम्ही बदलल्याचं सांगायचं तरी!"

"आणि तू सांगितलंस? अबोला कोणाशी होता माझा, भिंतीशी?" नणंदेनं कपाळावर हात मारून घेतला. "बाबांबद्दल बोललीस ते मात्र अगदी खरं होतं. एक गाडी तर अकरा वेळा परत आली होती." आणि ती खो-खो हसत सुटली. "वायर धड आहेत, म्हणजे सेन्सरच गेलाय!" म्हणत हसता हसताच तिनं स्कूटरला किक मारली आणि दुकानाकडे धूम ठोकली.

"मी गेले नाही तर चालेल ना गं?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"चालेल," सून म्हणाली. "पण मग आयुष्यभर आमच्याच तोंडाकडे बघत बसावं लागेल. चालणार आहे?"

सासूबाईंनी पुस्तक पुन्हा उघडलं.

तीन वाजून पाच मिनिटांनी नणंद सेन्सर घेऊन आली. सुनेनं तो बसवला, कोड पुसला, आणि तिघींनी मिळून गाडी वीस मिनिटं फिरवली. दिवा लागला नाही. चारला पाच कमी असताना त्या फाटकाशी पोचल्या. परीक्षकानं वाकून डॅशबोर्डवरचे दिवे निरखले आणि मान डोलावली.

सून आणि नणंद बाकावर एकमेकींचा हात धरून बसल्या. अर्ध्या तासानं सासूबाई कागद नाचवत आल्या. पास! नणंदेनं एवढी आरोळी ठोकली की परीक्षक खिडकीत आला.

सासूबाईंनी दोघींना मागच्या सीटवर बसवलं, सावकाश गॅरेजपर्यंत आणलं आणि दारात उतरवलं. मग काच खाली करून म्हणाल्या, "दार ओढून घ्या नीट." गाडी पुन्हा रस्त्याला लागली.

"आई, कुठे निघालात?" सून मागून ओरडली.

"आता ते विचारायचं नाही!" सासूबाई म्हणाल्या, आणि इशारा देऊन अगदी नियमानुसार उजवीकडे वळल्या.