एका रिंगेची तीन नावं

व्हीलचेअर बनवणाऱ्या त्या कारखान्याचं स्टोअर ताई एकोणीस वर्षं सांभाळत होत्या. कुठल्या रॅकवरच्या कुठल्या डब्यात काय आहे, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. मग संगणकावर ईआरपी आलं. खरेदी, स्टोअर, जुळणी, विक्री, सगळ्यांच्या नोंदी एकाच ठिकाणी. एकाने लिहिलं की सगळ्यांना दिसणार, असं शिकवायला आलेल्या बाईंनी दोन दिवस समजावलं. ताईंनी मान डोलावली, पण डोक्यात फारसं शिरलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी जुळणीचे मुकादम खिडकीशी आले.

"ताई, रबराच्या रिंगा द्या. चाकं अडलीत."

ताईंनी 'रिंग' टाइप करून पडद्यावर पाहिलं. रिंग : शून्य.

"नाहीत म्हणतोय."

"कोण म्हणतोय? तुमच्या मागेच डबा आहे की!"

ताई वळल्या. डबा काठोकाठ भरलेला. पुन्हा पडदा पाहिला. शून्यच. डोळ्यांवर विश्वास ठेवावा की पडद्यावर, त्यांना कळेना.

"तशाच द्या हो."

"नोंदीशिवाय काही द्यायचं नाही, अशी मालकांची ताकीद आहे."

मुकादम कपाळाला हात लावून तिथेच बसले. तेवढ्यात माल घेऊन गाडी आली. खोक्यांवर लिहिलं होतं 'बुश'. ताईंनी एक खोकं फोडलं, तर आत त्याच रिंगा! त्या तडक खरेदीच्या साहेबांकडे गेल्या.

"हे कशाला मागवलंत?"

"सिस्टिममध्ये बुश संपलेले दिसले, म्हणून."

"अहो, माझ्याकडे सहाशे पडल्यात!"

"तुमच्याकडे कड्या आहेत, ताई. हे बुश आहेत."

साहेब इतक्या ठामपणे बोलले, की ताईंना स्वतःचीच शंका यायला लागली. त्यांनी डब्यातली एक आणि खोक्यातली एक घेतली, बोटांनी चाचपली, आणि दोन्ही शिकवणाऱ्या बाईंच्या टेबलावर ठेवल्या. मागोमाग मुकादम आणि साहेबही आले.

"याला काय म्हणता?" बाईंनी विचारलं.

"रिंग," मुकादम म्हणाले.

"बुश," साहेब म्हणाले.

"कडी," ताई पुटपुटल्या.

बाईंना हसू आवरेना. "तिघांनी आपापल्या याद्या दिल्यात. सिस्टिमच्या लेखी या तीन वेगळ्या वस्तू आहेत."

मग कुणाचं नाव ठेवायचं, यावर अर्धा तास हुज्जत झाली. शेवटी वस्तूला एक नंबर दिला आणि खाली तिन्ही नावं लिहिली. दुपारी रिंगा गेल्या, चाकं बसायला लागली.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "असं आणखी किती वस्तूंचं झालं असेल?"

सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं. ताई बोटांवर मोजू लागल्या. चौदापर्यंत गेल्या आणि गडबडल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे तिन्ही याद्या आल्या. पहिल्याच पानावर 'टोपी' होती. नळीच्या टोकाची, ब्रेकची की नटाची? काल विचारलं असतं तर ताईंनी पटकन सांगितलं असतं. आज त्यांची पेन्सिल तशीच अधांतरी राहिली. शेवटी त्या उठल्या, मुकादमांना हाक मारली आणि म्हणाल्या, "जरा चला माझ्याबरोबर. तुम्ही टोपी कशाला म्हणता, ते मला हात लावून दाखवा."