भाताखालची वाटी

इस्पितळासमोरच्या रेस्टॉरंटात वेटरकी करायची तर दोन कला अंगी लागतात. न सांडता चालणं आणि न अडखळता खोटं बोलणं. पहिलीत मी बरा होतो. एकदा हातावर सुपाचे बाऊल रचून झोपलेल्या कुत्र्यावरून उडी मारली होती; सूप हललं नाही आणि कुत्र्याची झोपही मोडली नाही. पटत नसेल तर आमच्या आचाऱ्याला विचारा. तो आता हयात नाही, पण विचारा. दुसऱ्या कलेत तर माझा हात धरणारा कुणी नव्हता. परवाचा मासा मी "आत्ताच पोहत आला साहेब" म्हणून वाढायचो आणि लोक बोटं चाटायचे. असा मी, पण खिडकीजवळच्या त्या एका टेबलाने मला घाम फोडला.

त्या टेबलावर दर गुरुवारी दुपारी दोघं बसायची, थोरली बहीण आणि धाकटा भाऊ. ती शिवणकाम करायची. किडन्या निकामी झालेल्या. समोर रक्त धुणाऱ्या मशीनला जोडून पडायची आणि सुटका झाली की दंडावरच्या पट्टीसकट रस्ता ओलांडून आमच्याकडे यायची. भाऊ फ्रीज दुरुस्त करायचा. आमच्या भटारखान्यातला म्हातारा फ्रीजही त्याच्याच कृपेवर थंड होता. माणूस गोलगरगरीत. ती त्याला ढब्बू म्हणायची, म्हणून आम्ही सगळे ढब्बूच म्हणायचो.

तिला मीठ बंद, बटाटा बंद, फळं बंद, आणि पाणी मोजून. पेला समोर आला की ती तो बोटाने दूर सारायची आणि बर्फाचा एक खडा मागून घ्यायची. तो गालात धरून बसायची, लहान पोर गोळी पुरवून खातं तसा.

पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, "ताई, मग हॉटेलात येता कशाला?"

"बघायला," ती म्हणाली. "हा खातो, मी बघते. याच्यासारखं खाणारं माणूस बघायला लोक तिकीट काढतील, काका. ढब्बू, सुरू कर. आणि कसं लागतंय ते सांगत राहा."

तो सांगायचा, आणि काय सांगायचा! बटाट्याची साल दाताखाली फुटते तेव्हाचा आवाज, मग आतली वाफ, मग लोणी जिभेच्या कुठल्या बाजूने उतरतं ते. ती डोळे मिटून ऐकायची आणि गिळायची. रिकामंच, पण गिळायची.

पुढे एका गुरुवारी त्याने मला हात धुवायच्या बेसिनपाशी गाठलं. "काका, एक काम करा. माझं ताट भरलेलं दिसू द्या. भरलेलं असू नका देऊ."

"म्हणजे काय रे?"

"ताईला माझी किडनी देतोय. जुळली. सगळ्या तपासण्या झाल्या. फक्त हे आडवं आलंय." त्याने पोटावर थाप मारली. "डॉक्टर म्हणतात, दोन महिन्यांत उतरवा, नाहीतर आम्ही हात लावणार नाही. आणि तिच्याकडे फार वेळ नाही, तेही म्हणतात."

"मग तिलाच सांग ना. कशाला खायला लावेल ती?"

"तिने मागेच बजावलंय, ढब्बूच्या अंगाला सुरी लावायची नाही. मला लहान मुलगी आहे ना. एकदा डॉक्टरांनी हो म्हटलं की तिच्यापुढे उभा राहीन. त्याआधी कळलं तर दारच लावून घेईल."

"मग इथे येणं तरी थांबव."

तो ओले हात तसेच धरून उभा राहिला. "काका, गुरुवारचं एवढंच तर उरलंय तिला."

झालं. त्या दिवसापासून मी आणि आचारी कामाला लागलो. त्याच्या ताटात मोठी वाटी पालथी घालायची आणि वर भाताचा पातळ थर असा लिंपायचा की डोंगर दिसावा. कोंबडी म्हणाल तर आचाऱ्याने कोबीच्या पानांची केली. वर खरी कातडी, बाजूला दोन खरी हाडं. ती इतकी हुबेहूब की तिला पाहून बाहेरच्या झाडावरचा कावळा दर गुरुवारी हिशेब लावत बसायचा. जे खरं वाढावं लागे ते ढब्बू हातचलाखीने हत्यारांच्या पेटीत टाकायचा. पुढे त्याचे पाने इतके तुपकट झाले की नट आपोआप सुटायचे, असं तो सांगायचा. तो घरी निघाला की गल्लीतली कुत्री मागे रांगेने. एका गिऱ्हाईकाचा फ्रीज दुरुस्त झाल्यावर त्यातून आठवडाभर भाजलेल्या कोंबडीचा वास येत होता आणि घरचे बिचारे कप्पे काढकाढून कोंबडी शोधत होते.

एक गोष्ट मात्र मी वाढवून सांगत नाही. भूक वाढली तशी त्याची वर्णनं सुधारली. तोंडात कोबी आणि बोलणं असं की शेजारच्या टेबलांवरून "ते साहेब खातायत तेच आम्हाला" अशा ऑर्डरी यायला लागल्या. मालक खूश. फक्त ढब्बू टेबलाखाली पोट मुठीने दाबून धरायचा, ते मला दिसायचं.

मग तो गुरुवार आला. ढब्बू आत फ्रीज बघायला गेला होता. ताईने मला बोटाने जवळ बोलावलं.

"काका, याच्या सूपमध्ये लोणी घालता येईल? दिसणार नाही असं. भरपूर."

माझ्या हातातला चमचा खाली पडला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"परवा नर्स बोलून गेली," ती हळूच म्हणाली. "'तुमच्या भावाचे रिपोर्ट छान आहेत, वजनाचंच काय ते.' मी काही बोलले नाही. त्याची कॉलर बघा. मागच्या खेपेला एक बोट जात होतं, आज दोन जातील. मी शिवलेला शर्ट आहे, मला फसवतो!"

"ताई, मग स्पष्ट नाही म्हणून टाका की."

"म्हटलं असतं. पण तो पोरीला घेऊन दारात बसेल, रडेल, आणि मी हो म्हणेन. मला काय जगावंसं वाटत नाही? माझा मलाच भरवसा नाही, काका. डॉक्टरनेच त्याला परत पाठवलं तर बरं. कुणाचा कुणावर राग नाही."

"घालतो ताई," म्हटलं. आत जाऊन भिंतीला टेकलो. दोघंही माझ्या भरवशावर, दोघंही एकमेकांसाठीच, आणि मी मध्ये ट्रे धरून. आचाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मला विचारू नकोस. मी कोबीची कोंबडी करतो, न्याय करत नाही."

लोणी मी घातलं नाही. घातलं असं सांगितलं. दर गुरुवारी ती भुवया उंचावून विचारायची, मी मान डोलवायचो. तो भुवया उंचावून विचारायचा, मी मान डोलवायचो. त्या टेबलापाशी माझी मान घड्याळाच्या लंबकासारखी झाली. घरी जेवताना घास उतरेना. वजन माझंच कमी व्हायला लागलं, ज्याचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता.

पण शिंपिणीच्या नजरेला काय सांगणार? लोणी घालूनही कॉलर सैलच होतेय म्हटल्यावर तिने सूत्रं आपल्या हातात घेतली. पावाला बोटभर लोणी स्वतः फासायची आणि टेबलावरून हात पुढे करायची. "माझ्या हातचं खा." तो खायचा. समोरून हातात दिलेला घास पेटीत कसा टाकणार? खायचा, हसायचा आणि सांगायचा, "ताई, हे लोणी म्हणजे..." तिथेच त्याचं वर्णन अडायचं.

एका सोमवारी तो एकटाच आला. बिनसाखरेचा काळा चहा घेतला. "काका, उतरण्याऐवजी चढलंय. रोज कामाला चालत जातो, जिने चढून फ्रीज दुरुस्त करतो. शुक्रवारी सकाळी शेवटचं वजन आहे. आणि काल ताईचे पाय बघितले, चपलेत मावत नाहीत. मला वेळेत जमलं नाही तर..." चहा तसाच टाकून तो उठला.

वजनाच्या आदल्या दिवशीचा गुरुवार. ती रस्ता ओलांडताना मधेच थांबली, खांबाला धरून. भावाने हात दिला तर झिडकारला. बसली तेव्हा तिचा चेहरा सुजलेला आणि श्वास वरचा. तरी मेनूकार्ड तिनेच उघडलं.

"सूप, पाव, कोंबडी, बटाटे, भात, शेवटी पुडिंग. दोन पुडिंग."

"ताई, एवढं?"

"गप रे. आज मला पोटभर बघायचंय."

मी आत गेलो. आचाऱ्याने वाटी पालथी घातली, भात लिंपला. ताट टेबलावर ठेवताना मला वाटलं, आज माझं हृदयच वाटीखाली ठेवलंय, तिथूनच धडधडतंय. ढब्बूने चमचा उचलला. तिने तो काढून घेतला.

"आज मी भरवते."

आणि तिने चमचा भाताच्या डोंगरात खुपसला.

टण्ण.

तिने पुन्हा खुपसला. टण्ण. मग चमच्याच्या टोकाने भात बाजूला सारत गेली. आमच्या हॉटेलची वाटी, बुडावर मालकाचं नाव कोरलेली, उन्हात चकाकत वर आली.

"काका," तिने माझ्याकडे पाहिलं, "हे काय?"

"नवी पद्धत आहे ताई. भात गरम राहतो."

"आणि लोणी?"

ढब्बूने मान वर केली. "कसलं लोणी?"

शेजारच्या टेबलावरचे चमचे थांबले.

"ताई, कसलं लोणी? तुला माहीत होतं?" त्याचा आवाज फाटला. "मी दोन महिने कोबी चघळतोय, कुत्र्यांना बटाटे घालतोय, आणि तू मला लोणी चारतेस?"

"चारते! शंभरदा चारीन. तुला ऑपरेशनच्या टेबलावर काही झालं तर तुझ्या पोरीसमोर कुठलं तोंड घेऊन जाऊ?"

"आणि तुला झालं तर मी कुठलं घेऊन जाऊ? ती उद्या विचारेल, बाबा, तुमच्याकडे दोन होत्या ना? मी काय सांगू? पाव फार छान होता?"

ती हसली. खरंच हसली, आणि हसता हसता तिला खोकला आला. नकळत हात त्याच्या पाण्याच्या पेल्याकडे गेला, पेल्याला लागला, आणि तिने तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. ढब्बू त्या हाताकडे बघत राहिला. पेला काठोकाठ भरलेला होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, इतक्या गुरुवारांत तिच्यासमोर तो पाण्याचा एक घोटही प्यायला नव्हता.

"दुखेल रे," ती म्हणाली.

"दुखेल."

"आणि नंतर?"

"नंतर तू स्वतः खाशील. मला वर्णन करून करून कंटाळा आलाय."

तिने वाटीवरचा भाताचा एक कण बोटाने टिपला, पुन्हा ताटात सोडला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, याचं ताट उचला."

मी उचललं.

"पावपण. लोणीपण. आणि त्या पुडिंगला सांगा, येऊ नको म्हणावं."

त्यानंतरच्या गुरुवारी टेबल रिकामं. त्याच्या पुढच्याही. शुक्रवारचं काय झालं ते मला सांगायला कुणी आलं नाही. समोर जाऊन मी विचारलंही नाही. न विचारता निदान दोन्ही शक्यता जिवंत होत्या. टेबल मी कुणाला देत नव्हतो. कुणाला सांगितलं खुर्चीचा पाय मोडलाय, कुणाला सांगितलं वरून छत गळतं, बाहेर कडक ऊन होतं तरी. एका जाड्या गिऱ्हाईकाला सांगितलं की या खुर्चीवर बसलेला माणूस वर्षभरात बारीक होतो. तो तर हटेचना, शेवटी मालकाला बोलवावं लागलं. समोर ॲम्ब्युलन्स थांबली की माझ्या हातातला ट्रे वाजायला लागायचा. आचारी आतून ओरडायचा, "सूप वाढतोयस की घंटा वाजवतोयस?"

मग एका दुपारी दार ढकलून दोघं आत आली. तो आधी, अगदी हळू, एका कुशीवर हात धरून. शर्ट त्याच्यावर तंबूसारखा. डोकं भादरलेलं. "डॉक्टरांनी पंधरवडा वाढवून दिला. वजनाच्या काट्यासाठी केसही काढले हो," त्याने उभ्या उभ्याच सांगितलं. "डॉक्टर म्हणाले, तेवढ्याने काही फरक पडत नाही. मी म्हटलं, पडला की!" मागोमाग ती. तोंडावर मास्क, पण पाय चपलेत. अगदी सरळ चपलेत.

दोघं खिडकीपाशी बसली. मी मेनूकार्ड पुढे केलं. तिने ते मिटून बाजूला ठेवलं आणि मास्क खाली ओढला.

"पाणी," ती म्हणाली. "मोठा पेला."

मी पेला आणला. कुत्र्यावरून सूप नेणारा मी, पण ओतताना टेबलक्लॉथ भिजवला. तिने पेला दोन्ही हातांनी धरला आणि भावाकडे पाहिलं.

"पी," ढब्बू खुर्चीत मागे रेलला. "मी बघतो."

ती प्यायली. मध्ये थांबली नाही. घशातून पाणी उतरल्याचा आवाज आचाऱ्यापर्यंत गेला असावा, कारण तो हातातला झारा घेऊन दारात येऊन उभा राहिला होता.

"कसं लागतंय ते सांग की," ढब्बू म्हणाला.

तिने हनुवटीवरचा ओघळ मनगटाने पुसला, पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे सरकवला.

"थांब रे. अजून एकदा पिऊन सांगते."