चेंडू कुठल्या बाजूला

भाचीच्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र जाड शब्दकोशात ठेवलं होतं आणि शब्दकोश मी रोज उघडतो, त्यामुळे विसरलो होतो असंही म्हणता येत नाही. ती मला पत्रच लिहिते, कारण माझा फोन टेबलाच्या खणात असतो. तो वाजला की मी आधी दचकतो, मग उचलावा की नाही याचा विचार करतो, आणि तोवर तो थांबतो. हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे.

भाची म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या भावाची मुलगी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, पण तिच्या माहेरानं मला अजून वाऱ्यावर सोडलेलं नाही. मेहुण्याचं घर माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे आहे. भाची नोकरीसाठी दूर असते. तिनं लिहिलं होतं:

‘आतोबा, बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आई फोन त्यांच्या हातात देते, ते “बरं आहे” म्हणतात आणि तिच्याकडे परत देतात. मी सुट्टीत येईन तोवर घराला रंग लावून होईल. आई म्हणते, त्यात तो टीव्हीवर खेळायचा जुना व्हिडिओ गेमचा डबा भंगारात टाकू. पण आतोबा, त्या टेबल टेनिसमध्ये चेंडू कुठे पडला ते आवाजावरूनही कळतं. इथे मैत्रिणीकडे मी तोच खेळ डोळे मिटून खेळून पाहिला. नव्या टीव्हीला जुन्या वायरींची भोकं नाहीत, पण टीव्हीला जोडलेल्या होम थिएटरच्या रिसीव्हरला आहेत. तुम्ही जोडून बघाल का? बाबांना जमतं का, एवढंच मला कळवा. नसेल जमत तर जाऊ दे डबा.’

मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. विजेशी माझा संबंध दिव्याच्या बटणापुरता. ‘बघतो’ लिहावं, तर बघावं लागणार. ‘मला जमणार नाही’ लिहावं, तर डबा माझ्यामुळे भंगारात जाणार. या विचारात पत्र तसंच राहिलं. शेवटी एक दिवस वहिनी, म्हणजे मेहुण्याची बायको, बोलता बोलता म्हणाल्या की रंगारी ठरला. मग मात्र मला गप्प बसवेना.

मेहुण्याला सगळे कप्तान म्हणतात. तो बस चालवायचा, आणि डेपोतल्या लोकांनी दिलेलं ते नाव घरातही चिकटलं. पाळी संपवून आला की बूट काढायच्या आधी मुलीबरोबर त्या डब्यासमोर बसायचा. कंट्रोलरला त्या घरात ‘स्टिअरिंग’ म्हणत. बापलेकीचे रुसवे, भांडणं, तह, सगळं त्या खेळावर मिटायचं. शाळेत नापास झाल्याची बातमीसुद्धा पोरीनं त्याला खेळता खेळताच दिली होती, तीही तो जिंकत असताना. मग त्याच्या डोळ्यांनी दगा दिला. आधी एक गेला, मग दुसरा. आता तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असतो. मी जातो, वर्तमानपत्र वाचून दाखवतो, तो ‘हं’ म्हणतो. बातमी मोठी असली तरी तेवढंच ‘हं’.

मी भाचीचं म्हणणं सांगितलं तेव्हा वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं आणि हलक्या आवाजात सांगितलं की आधी बोलकं घड्याळ झालं, काठी झाली, ठिपक्यांची अक्षरं झाली. दर वेळी नवी आशा, आणि दर वेळी जमलं नाही की त्यांची जेवणावरची वासना उडते. मग किती दिवस घास भरवल्यासारखं करावं लागतं.

“एकदाच, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “नाही जमलं तर तो डबा मला पुन्हा या घरात दिसता कामा नये.”

मी रिसीव्हरची पुस्तिका घरी नेली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. वाचणं एवढंच मला येतं. छपाईच्या चुका पुष्कळ होत्या, त्या पेन्सिलीनं दुरुस्त केल्या. जोडणी मात्र सोपी निघाली. डब्यातून तीन पिना येतात. पिवळी चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या आवाजाची. रिसीव्हरच्या पाठीला त्याच रंगांची भोकं असतात. आवाज टीव्हीच्या दोन बाजूंच्या मोठ्या स्पीकरमधून येणार.

प्रत्यक्षात रिसीव्हर कपाटातून पुढे ओढायलाच माझा जीव मेटाकुटीला आला. भोकांच्या रांगा दोन होत्या, एक आत येणाऱ्या वायरींची, एक बाहेर जाणाऱ्यांची. साहजिकच मी चुकीच्या रांगेत पिना घातल्या. काहीच होईना. कप्तान खुर्चीतून ऐकत होता. त्यानं विचारलं, काय झालं. मी ओशाळून म्हटलं की चित्र येत नाही.

“चित्र मला कशाला हवंय, भाऊजी?” तो म्हणाला.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. त्याच्या तोंडून ‘हं’ सोडून काहीतरी निघालं होतं आणि त्यात थोडी थट्टाही होती.

मी रांग बदलली. पिवळ्यात पिवळी घातली. पांढरी आणि लाल हातात घेतली आणि थांबलो. रंगाला रंग जुळवणं मला फारच सोपं वाटलं. तरुणपणी आमच्या छापखान्यात शिशाचे खिळे होते. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, डावं ते उजवीकडे. मागून पाहिलं की जग उलटं दिसतं, हे तिथे अंगात मुरलेलं. आता मी यंत्राच्या मागे उभा होतो आणि कप्तान समोर. माझं डावं ते त्याचं उजवं. पुस्तिका लिहिणाऱ्यानं याचा विचार केला नसावा, असं मला वाटलं. आणि मी पांढरी पिन लाल भोकात, लाल पिन पांढऱ्या भोकात घातली. खोटं कशाला बोलू, मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.

चित्र आलं, किंचित फिकट. आवाजही आला. खेळाचं जुनं संगीत सुरू झालं तसा कप्तान खुर्चीत सावरून बसला. मी त्याच्या हातात स्टिअरिंग दिलं. त्यानं ते उलटंसुलटं करून चाचपलं, अंगठे जागेवर ठेवले. पडद्यावर काय लिहिलंय ते मी वाचून सांगितलं, खेळ सुरू करून दिला.

पलीकडून चेंडू आला. कप्तानाची बॅट झटकन सरकली, पण दुसऱ्या बाजूला. पुन्हा चेंडू आला, पुन्हा तेच. मधोमध पडलेला एक त्यानं परतवला, तेव्हा वहिनींच्या हातातला पंचा हलला. त्यानंतर एकही नाही. माझी नजर पडद्यावर होती. कान माझे तसेही मंद आहेत. बघता बघता डाव संपला. कप्तानानं दुसरा मागितला, तोही तसाच गेला. मग त्यानं हातानं टेबलाची कड शोधली आणि स्टिअरिंग तिथे ठेवलं, काच ठेवावी तसं.

“सगळा जन्म डाव्या-उजव्यावर पोट भरलं, भाऊजी,” तो म्हणाला. “तेही गेलं.”

वहिनी वायरी गुंडाळू लागल्या. मी मदतीला वाकलो तर त्यांनी नको म्हटलं. दारापर्यंत पोचवायला आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या की पोरीला कळवून टाका.

घरी येऊन मी लिहायला बसलो. आता लिहायला निदान काहीतरी होतं. मायना झाला. बाबांना जमलं नाही, हे एका ओळीत लिहिलं. पण एवढ्या एका ओळीवर ती डबा टाकून द्यायला सांगणार, म्हणजे काय घडलं ते तरी नीट लिहायला हवं. म्हणून पुढे लिहिलं: ‘चेंडू डावीकडे पडला की ते उजवीकडे जातात, उजवीकडे पडला की डावीकडे. दर वेळी.’

‘दर वेळी’ हे शब्द सवयीनं लिहून गेलो आणि सवयीनंच अडलो. खरंच दर वेळी? मी डाव आठवून पाहिले. हो. एकदासुद्धा चुकून बरोबर नाही. आणि मधे पडलेला चेंडू तेवढा परतवलेला.

खिळे जुळवणारा माणूस झोपेत असला तर तऱ्हेतऱ्हेच्या चुका करतो. इथे काना, तिथे मात्रा. पण प्रत्येक पानावर तीच एक चूक आली, तर माणसाला बोलायचं नसतं. कुणीतरी खिळे चुकीच्या कप्प्यात टाकलेले असतात. तो बिचारा हात बरोबर कप्प्यातच घालत असतो.

कप्प्यात खिळे मी टाकले होते.

ते पत्र अर्धवट तसंच खिशात कोंबून मी निघालो. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. माझं पुन्हा चुकतच असलं तर? कप्तानाचे कानच दगा देत असले तर? त्याला आणखी एकदा हरवून काय मिळवणार होतो मी? दार वहिनींनी उघडलं आणि अडवूनच उभ्या राहिल्या. त्यांचा चेहराच सांगत होता की तो जेवला नाही. मी पायऱ्यांवर जुळवून आणलेलं मोठं भाषण विसरलो.

“चूक माझी आहे,” मी म्हणालो. “कप्तानाची नाही. वायरी मी उलट्या लावल्यात.”

आतून कप्तानाचा आवाज आला की आता पुरे, भाऊजींना चहा दे आणि घरी जाऊ दे. त्याचं बरोबर होतं. पुन्हा खेळायला सांगायचं धाडस मला नव्हतंच. म्हणून मी वहिनींना म्हटलं, त्यांना राहू द्या, मी खेळतो. डोळे मिटतो. तुम्ही पडद्याकडे बघून फक्त बरोबर की चूक सांगा.

पुन्हा रिसीव्हर ओढला, पुन्हा घामाघूम झालो. या वेळी पांढऱ्यात पांढरी, लालमध्ये लाल. स्पीकरांच्या मधोमध सतरंजीवर मांडी घातली आणि डोळे घट्ट मिटले. मी कधीच कुठला खेळ खेळलेलो नाही. पलीकडून टक, मग आपल्या बाजूला टक, आणि मी कुठे जावं ते ठरवेपर्यंत चेंडू गेलेला. वहिनी आधी म्हणत होत्या, “चूक. चूक. अहो भाऊजी, चूक.” मग म्हणाल्या, आवाज बरोबर बाजूनं येतोय, तुम्हीच जागचे हलत नाही आहात. आणि हसायला लागल्या.

मागे खुर्ची करकरली.

“डावीकडे,” कप्तान म्हणाला. मी हललो नाही. “उजवीकडे आता. अहो, तो तुमच्या नाकावरून गेला. भाऊजी, तुम्ही बस चालवली असती तर डेपोच्या फाटकातच अपघात. इकडे आणा ते.”

मी डोळे उघडले. त्याचा हात पुढे आलेला होता.

पहिला चेंडू डावीकडे पडला आणि त्याची बॅट डावीकडे गेली. परतवला. दुसरा, उजवीकडे. परतवला. तिसरा कोपऱ्यात पडला, तो गेला. त्याला त्याचा राग आला, आणि तो राग बघून वहिनी माझ्या शेजारी सतरंजीवर बसल्या. त्या डावात तो हरलाच. पण थोडक्यात हरला, आणि यंत्राला शिव्या घालत हरला. पुढचा डाव मी वाचून द्यायच्या आधी त्यानं बटणं आठवून स्वतःच सुरू केला होता.

चहा झाला. वहिनी उठता उठता म्हणाल्या की रंगाऱ्याला ही खोली शेवटी घ्यायला सांगते, आणि डबा कुठे हलवायचा नाही म्हणजे नाही. मी खिशातला कागद काढला आणि कप्तानाला सांगितलं की पोरीला उत्तर द्यायचंय, काय लिहू.

त्याचा अंगठा स्टिअरिंगवर तसाच होता.

“लिहा, की येताना दुसरं स्टिअरिंग आण, इथलं एक बिघडलंय,” तो म्हणाला. “आणि डोळ्यांना पट्टी बांधून खेळायचं. पट्टी मी बांधणार, तिनं स्वतः बांधली की ती मधूनच बघते. कबूल नसेल तर आत्ताच फोन करून सांग म्हणावं. मी घेईन फोन.”

मी अक्षरशः तसंच लिहिलं. नवा कागद घेऊन स्वच्छ उतरवून काढावं असं मनात आलं, कारण वरच्या अर्ध्या पानावर ‘जमलं नाही’ ही ओळ होती, तिच्यावर काट होती, समासात माझ्या खुणा होत्या. आयुष्यात असा कागद मी कुणाला पाठवलेला नाही. पण उतरवून काढायला घरी गेलो असतो तर ते कुठेतरी ठेवलं असतं, हेही मला माहीत आहे. वहिनींकडून पाकीट आणि तिकीट मागून घेतलं, पत्ता घातला. आतून टक-टक ऐकू येत होतं. चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र टाकलं.